घरी मेलेला खलाशी

आत्याला मेडल नको होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला ज्याला मी ही हकीकत सांगितली त्याला वाटलं, म्हातारीला या वयात बिल्ल्याची हौस सुचली. तिला कागद हवा होता. आपला बाप बायको-पोरीला टाकून पळाला नव्हता, एवढं सांगणारा, शिक्क्याचा एक कागद. ‘बिल्ला तूच ठेव, मले काय करा लागते त्याचं,’ असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. त्या कागदानं माझ्या निवृत्तीची पहिली अडीच वर्षं खाल्ली.

मी तहसील कार्यालयात कारकून होतो. त्यातली बरीच वर्षं घाटंजीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. जुन्या रजिस्टरांतल्या नोंदी शोधायच्या, त्यांच्या नकला काढायच्या, खाली ‘खरी नक्कल’ लिहून सही करायची. धुळीनं नाक कायमचं चोंदलं आणि कागद या वस्तूचा वीट आला. निवृत्त झालो तेव्हा बायकोला सांगितलं होतं, यापुढे लग्नपत्रिका आली तरी तूच वाच. दोन महिने सुखात गेले. मग एकदा माझ्या मुलीनं मोबाइलवर बातमी वाचून दाखवली: महायुद्धात जहाजांवर काम केलेल्या खलाशांची मेडलं कोणी न्यायलाच आलं नाही म्हणून अजून पडून आहेत. आत्या तेव्हा डोळे तपासायला आमच्याकडे यवतमाळला आली होती. पलंगावर आडवी पडली होती, ती उठून बसली.

‘माह्या बापाचंही असंन,’ ती म्हणाली. ‘पाहजो जरा.’

जरा! सरकारी कागदाच्या बाबतीत ‘जरा’ म्हणणारी माणसं मी आयुष्यभर खिडकीपलीकडून पाहिली आहेत. पण आत्याला नाही म्हणायची आमच्या घरात कोणाची छाती नाही.

आमचं नातं आधी सांगायला हवं. आत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. आई एक, बाप वेगळे. माझी आजी आधी थोरल्या भावाला दिली होती. तो निघून गेला आणि आला नाही, तेव्हा धाकट्या दिराशी तिचा पाट लावला. थोरल्याची एकुलती एक मुलगी ती आत्या आणि धाकट्याचा मुलगा ते माझे वडील. म्हणजे जो माणूस शोधायचा, तो वेळेवर घरी परतला असता तर त्याला शोधणारा मी जन्मालाच आलो नसतो. हे मला आधीपासून माहीत होतं, पण त्याचं ओझं असं कधी वाटलं नव्हतं.

थोरला घाटंजीच्या जिनात कामाला होता. कापसातून सरकी काढायची यंत्रं तेव्हा वाफेवर चालत. त्या बॉयलरला हा कोळसा घालायचा. तिथून तो मुंबईला गिरणीच्या बॉयलरवर गेला आणि लढाई सुरू असताना मुंबईहून जहाजावर. शेजारच्या गावचा एक गिरणी कामगार सुट्टीत आला तेव्हा सांगून गेला की तुमचा पोरगा आगवाला झाला; जहाजाच्या पोटात भट्टीपुढे उभा राहून कोळसा फेकतो. त्यानंतर ना पत्र, ना निरोप. गावानं निकाल देऊन टाकला: तिकडं बाई ठेवली असेल. आत्या ‘पळपुट्याची पोरगी’ झाली. भांडणात बायका तिला हेच ऐकवायच्या. तिच्या सोयरिकीच्या बैठकीतही वरपक्षानं हाच विषय काढला होता. नवरा वारल्यावर ती माहेरच्या गावी, घाटंजीला, येऊन राहिली. आता तिला तसं म्हणणारं कोणी जिवंत नाही, तरी ती अजून त्या बायकांना मनातल्या मनात उत्तरं देते.

मी अर्ज केले. मुंबईला खलाशांच्या नोंदी ठेवणारं एक कार्यालय आहे, तिथे. पहिल्या अर्जाला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की नोंद आढळून येत नाही. ‘आढळून येत नाही’ म्हणजे काय ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मीही हे वाक्य हजार वेळा लिहिलं आहे, आणि त्यातल्या निम्म्या वेळा शिडीवर चढायचा कंटाळा आला होता म्हणून. मग माहितीचा अधिकार लावला, अपील केलं, एकदा स्वतः जाऊन एका साहेबाच्या केबिनबाहेर बाकावर दोन दिवस बसून आलो. पाठीत उसण भरली. बायको म्हणाली, नोकरीत असताना एवढं काम केलं असतं तर तहसीलदार झाला असता. घाटंजीला आत्याला भेटायला गेलो की बसस्टँडपासूनच मला सुस्ती यायची, कारण ती काय विचारणार ते ठरलेलं असायचं.

‘आलं का?’

‘नाही आत्या.’

‘तू बराबर लिवलं नसंन.’

आणि मग एके दिवशी जाड पाकीट आलं. जुन्या रजिस्टरच्या पानांची झेरॉक्स, कडा काळ्या. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा यवतमाळ. हुद्दा आगवाला. ओळखीची खूण, उजव्या दंडावर भाजल्याचा डाग. पुढे जहाजांची नावं एकाखाली एक, आणि शेवटच्या जहाजापुढे लिहिलेलं: शत्रूच्या हल्ल्यात बुडालं, इसम बेपत्ता, मृत समजण्यात यावा. मेडलांच्या रकान्यात ‘मागणी नाही’.

मी त्याच दिवशी बस धरली. आत्या ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी इंग्रजी ओळी मराठीत करून एकेक वाचल्या. जहाज बुडाल्याचं वाचलं तेव्हा तिचे हात थांबले, पण ती रडली नाही. मग मी जवळच्या नातेवाइकाचा रकाना वाचला. तिथे बायकोचं नाव नव्हतं, बापाचं नव्हतं. ‘मुलगी’ असं लिहून पुढे आत्याचं नाव होतं.

‘परत वाच,’ ती म्हणाली.

मी तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी तिनं पदर तोंडाला लावला आणि हुंदके देऊन रडली. मीही रडलो. इतक्या वर्षांच्या चाकरीत एखादा कागद वाचून रडू यावं असं मला पहिल्यांदाच झालं.

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण त्या झेरॉक्सवर ‘केवळ माहितीसाठी’ असा शिक्का होता. सेवेचं प्रमाणपत्र आणि मेडलं हवी असतील तर वारसानं रीतसर मागणी करायची होती, सोबत मृत्यूची नोंद आणि नात्याचा पुरावा. आता हे काम तर माझ्या हातचा मळ. आमच्या घराण्याची एक जुनी नोंद माझ्याजवळ कायम असायची, कोतवाल बुकातली. पूर्वी गावात जन्म-मरण झालं की कोतवाल खबर द्यायचा आणि ती त्या बुकात चढायची. आमचा पणजोबाच कोतवाल होता. थोरल्याच्या मृत्यूची नोंद त्यात होती. माझ्या जातीच्या दाखल्यासाठी ती नक्कल मी तरुणपणीच काढली होती. तोच कागद आताही पुरावा म्हणून लावला आणि अर्ज पाठवून दिला. वर आत्याला सांगितलं, आता महिन्याभराचं काम.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. आपणच जोडलेल्या नोंदीनुसार सदर व्यक्ती जहाज बुडण्याच्या सुमारे दीड वर्ष आधी राहत्या घरी तापाने मयत झाली आहे. तरी दोन्ही व्यक्ती एकच असल्याबाबत खुलासा करावा.

मी पेटी उघडून ती नक्कल काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाचली. खरंच सांगतो, पहिल्यांदा. मीच काढलेली नक्कल, पण मी तिच्यातला एकच रकाना वाचत आलो होतो, जातीचा. आमच्याकडे सगळे तेच करतात. धर्मांतरानंतर आम्ही बौद्ध झालो, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ लागलं, त्यामुळे ‘महार’ असं स्पष्ट लिहिलेली जुनी नोंद दाखवायची म्हटलं की कोतवाल बुकाशिवाय गत्यंतर नसतं. माझ्या खिडकीवर येणारा माणूसही रजिस्टरवर बोट ठेवून विचारायचा, ‘साहेब, जात लिहिली आहे ना?’ लिहिली आहे म्हटलं की त्याचा जीव भांड्यात पडायचा. कोण मेलं, कशानं मेलं, हे कोणी विचारलेलं मला आठवत नाही. त्या दोन रकान्यांत लिहिलं होतं: ताप; राहते घरी. आणि खबर देणार म्हणून पणजोबाचं नाव होतं. बापानंच मुलाच्या मरणाची खबर दिली होती.

का दिली, ते सांगायला आता कोणी नाही. माझा अंदाज असा की कोतवालकी थोरल्याकडे जायची होती, ती धाकट्याच्या नावे करायची तर थोरला मयत दाखवावा लागत होता. वीस वर्षांच्या सुनेचा पाट लावायचा तरी तेच. लढाईतून येतो की नाही कुणास ठाऊक, म्हणून म्हाताऱ्यानं मुलाला घरातच, अंथरुणावर, कागदावर मारून टाकलं. मी त्याला नावं ठेवणार नाही; मी त्याच कागदावर नोकरी मिळवली.

पण मुंबईच्या उत्तरासोबत आणखी एक झेरॉक्स होती. जहाज बुडाल्यावर गावाकडे पाठवलेली सूचना, आणि ती परत आली तेव्हा तिच्या पाठीवर कोणी तरी बोरूनं लिहिलेला मराठी शेरा. इसम मजकूर पूर्वीच मयत, बुकात नोंद आहे, सबब सूचना परत. खाली अंगठा, आणि अंगठा कोणाचा तर कोतवालाचा. म्हणजे मुलगा समुद्रात गेला ही बातमी पणजोबाच्या हातात पडली होती. ती घेतली असती तर आधीची नोंद खोटी ठरली असती. त्यानं ती परत केली. हिशेब केला तर तेव्हा माझे वडील आजीच्या पोटात असणार.

हे सगळं घेऊन आत्याकडे जायला मला तीन आठवडे लागले. दरम्यान दुसरं संकट आलं. माझी मुलगी नर्स आहे. तिची सरकारी दवाखान्यात निवड झाली होती आणि जातीची पडताळणी समितीपुढे होती. तिच्या प्रकरणातही मी तीच नक्कल लावली होती, दुसरी होतीच कुठे? समितीनं गृहचौकशी लावली. चौकशी अधिकारी मूळ गावी येणार आणि घराण्यातल्या सर्वांत वडील माणसाचा जबाब घेणार. घराण्यातलं वडील माणूस म्हणजे आत्या.

मी गेलो आणि तिला सगळं सांगितलं. ताप, अंगठा, परत गेलेली सूचना, मुलीची चौकशी, सगळं. मुंबईचं प्रमाणपत्र हवं तर तिला प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल की बुकातली नोंद खोटी आहे. आणि नोंद खोटी म्हटली की समिती म्हणणार, मग त्यातली जात तरी खरी कशावरून?

मुलीच्या नोकरीबद्दल आत्या काही तरी म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, ‘आज्याच्या ताटात जेवत जाओ मी. रोज. रोज इचारो, आजा, बा कवा येईन? थो म्हने, येईन व माय.’ मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, ‘त्याले ठाऊक होतं.’

‘हो.’

‘तुह्या आज्यालेही असंन.’

‘असेल.’

‘अन् मायले?’

आजी मरेपर्यंत हसतमुख बाई होती, एवढंच मला आठवतं.

‘आत्या, तू म्हणशील तसं करू,’ मी म्हणालो. हे बोलताना मला लाज वाटली. माझं म्हणणं काय होतं ते तिला कळत होतं, मलाही कळत होतं.

‘मले कायले इचारतं? तुह्या पोरीचं अडलं म्हून आला तू. नाई त तीन हप्ते तोंड दाखवलं नाई.’ ती उठली आणि आत गेली. चहा केला नाही. परतीच्या बसमध्ये मला वाटलं, ही म्हातारी खरं बोलली तर मी तिला दोष देऊ शकणार नाही. शहाऐंशी वर्षांत पहिल्यांदा तिच्याजवळ सांगायला काही तरी होतं. आणि लगेच वाटलं, पोरीचं काय होईल? दोन्ही विचार आलटून पालटून येत राहिले आणि मी थकून झोपलो, तो थेट यवतमाळच्या स्टँडवर कंडक्टरनं उठवलं.

चौकशी अधिकारी आला तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. तरुण, घामाघूम झालेला, दिवसभरात त्याची आणखी तीन गावं बाकी होती. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या दिवसापासून आत्या माझ्याशी नीट बोलली नव्हती. ती नेसून-सवरून खाटेवर बसली होती. ती काय सांगणार, याची मला काडीचीही कल्पना नव्हती. नाव, वय, जात, पूर्वापार धंदा, देव-दैवत, सोयरीक कोणत्या गावी, असे त्याचे ठरलेले प्रश्न झाले. ती तुटक उत्तरं देत होती. मग त्यानं माझ्या मुलीच्या अर्जाची फाइल उलटली.

‘आजी, ही मृत्यूची नोंद तुमच्या वडिलांची?’

‘हाव.’

‘ते कधी वारले?’

‘मी तीनक वर्साची होती.’

‘कशानं?’

ती माझ्याकडे पाहील असं मला वाटलं. तिनं पाहिलं नाही.

‘तापानं,’ ती म्हणाली.

‘दवाखान्यात की घरी?’

‘घरी. याच जागी. तवा कुडाचं घर होतं.’

झालं, आता कागद घ्यावा आणि याला चहा पाजून रवाना करावं, म्हणून मी उठायला लागलो. पण आत्याचं झालं नव्हतं.

‘आठ दिस ताप होता,’ ती सांगू लागली. कोणी विचारलं नव्हतं. ‘उतरेच नाई. मायनं कपायावर पट्ट्या ठेवल्या. आजा वैद्याले घ्याले गेलता. बा मले म्हने, माह्याजवळ बस. दुसऱ्या कोनाले नाई, मलेच. म्या त्याच्या हाताले धरून बसली. इथं दंडावर त्याले भाजल्याचा डाग होता, जिनातला. त्याच्यावर हात फिरवत होती मी.’

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. ‘तीन वर्षांच्या होता तुम्ही, आजी. एवढं आठवतं?’

‘बाप मरतानाचं आठवत नाई त मंग मानसाले काय आठवते, साहेब?’

तो जरा ओशाळला. त्यानं लिहून घेतलं. मी दारात उभा होतो, तसाच उभा राहिलो. तो डाग तिला माझ्या तोंडून कळला होता, त्या झेरॉक्समधून.

‘जाताना माह्यं नाव घेतलं त्यानं,’ आत्या म्हणाली. ‘बाकी कोनाचं नाई घेतलं. ते लिवलं का?’

‘लिहिलं.’ त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि कागद तिच्यापुढे केला. ‘इथं सही करा आजी. झालं आता.’

तिनं पेन घेतलं नाही. ‘अजून लिवा. त्याच्या मातीले सारं गाव आलतं.’

‘आजी, जातीच्या चौकशीत त्याची काही गरज नसते.’

‘लिवा तुमी.’

त्यानं वैतागून माझ्याकडे पाहिलं. त्याला पुढच्या गावी जायचं होतं.

‘लिहा, साहेब,’ मी म्हणालो. ‘सारं गाव आलं होतं.’